वराह माद्यांचा खुराक : माजापासून दूध तोडण्यापर्यंत

लहान वराहपालन फार्मवर मादीच्या खुराकात होणारी चूक बहुधा एकाच प्रकारची असते. मादी गाभण राहिली, की ती दोन जिवांची झाली म्हणून तिच्या गव्हाणीत सढळ हाताने खाद्य टाकले जाते; आणि ती व्यायली, अंगाला आठ-दहा पिल्ले लागली, की तिच्या वाट्याला तेवढेच किंवा त्याहून किंचित अधिक खाद्य येते. शरीराची गरज मात्र याच्या नेमकी उलट असते. गाभणकाळाचे पहिले अडीच-तीन महिने पोटातील पिल्लांची वाढ इतकी मंद असते, की मादीला स्वतःच्या पोषणापलीकडे फारसे काही लागत नाही. दूध पाजणारी मादी मात्र दररोज सहा ते आठ लिटर दूध तयार करते आणि ते खाद्यातून भागले नाही, तर स्वतःच्या अंगावरील चरबी व मांस झिजवून भागवते. म्हणून गाभणकाळात हात आखडता आणि दुधाच्या काळात सढळ, हे या लेखातील सर्व मापांमागचे सूत्र आहे.

येथे दिलेली मापे लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस आणि त्यांच्या संकरित माद्यांसाठी, म्हणजे साधारणतः १५० ते २०० किलो वजनाच्या प्रौढ मादीसाठी आहेत. गावठी माद्या किंवा गोव्यातील अगोंदा गोवनसारख्या स्थानिक जाती अंगाने लहान असतात. त्यांच्यासाठी हीच मापे वजनाच्या प्रमाणात कमी करावीत, अन्यथा त्या पहिल्याच वेतात लठ्ठ होतात.

डबा आणि हात

खाद्य देण्याचे माप बहुतेक ठिकाणी तेलाचा रिकामा डबा किंवा घमेले असते, आणि त्यास हरकत नाही. हरकत आहे ती त्या डब्याचे वजन कोणी केलेले नसते याला. ज्या डब्यात मक्याचा भरडा दोन किलो मावतो, त्याच डब्यात गव्हाचा कोंडा जेमतेम एक किलोच्या आसपास भरतो. खाद्यातील कोंड्याचे प्रमाण बदलले, की डबा तोच राहूनही मादीच्या पोटात जाणारे खाद्य बदलते. खाद्याचे नवीन मिश्रण तयार झाले किंवा नवीन पोती आली, की त्याच दिवशी डबा काट्यावर ठेवून त्यात किती खाद्य बसते हे पाहावे आणि डब्याच्या आतील बाजूस एक किलो, दीड किलो, दोन किलो अशा खुणा रंगाने कराव्यात. खाद्य घालणारा गडी बदलला तरी माप बदलता कामा नये.

दुसरे माप म्हणजे मालकाचा स्वतःचा हात. मादीची शरीरस्थिती एक ते पाच अशा श्रेणींत मोजतात. मादी उभी असताना तिच्या कंबरेच्या हाडावर, पाठीच्या कण्यावर आणि बरगड्यांवर तळहात ठेवावा. हाडे नुसत्या नजरेनेच दिसत असतील तर श्रेणी एक. हात टेकवताच, दाब न देता हाडे जाणवली तर दोन. तळहाताने पक्का दाब दिल्यावर जाणवली तर तीन. जोर लावूनही जेमतेम लागली तर चार. आणि कितीही दाबले तरी हाड हाताला लागतच नसेल तर पाच. मादी गाभणकाळात तीनवर असावी, विताना तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी आणि दूध तोडताना अडीचच्या खाली गेलेली नसावी. ही तपासणी नजरेवर सोडू नये, कारण गाभण मादीचे पोट खाली सुटलेले असते आणि अंगावर हाडे निघालेली मादीही दुरून धष्टपुष्ट दिसते. नर लावताना, गाभणकाळाच्या तिसाव्या व साठाव्या दिवशी, प्रसूतिकक्षात नेताना आणि दूध तोडताना हात लावून आकडा मादीच्या तक्त्यावर लिहावा.

पहिलारू मादीची तयारी

पैदाशीसाठी निवडलेल्या माद्या मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या डुकरांतून ६० ते ७० किलो वजनावर वेगळ्या काढाव्यात. मांसासाठीच्या जनावराला पोटभर खाद्य देऊन लवकर वजन आणायचे असते. पैदाशीच्या मादीचे वजन बेताने वाढून हाडे व पाय मजबूत व्हायला हवे असतात. तिला दररोज दोन ते अडीच किलो संतुलित खाद्य पुरते, मात्र त्यात कॅल्शियम व फॉस्फरस पुरेसे असावे, कारण पायाने अधू झालेली मादी कितीही उत्तम वंशाची असली तरी दोन वेतांत कळपातून काढावी लागते. आठ महिन्यांचे वय, १०० ते १२० किलो वजन आणि दुसरा किंवा तिसरा माज या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच तिला नर दाखवावा. पहिल्या माजाला सुटणाऱ्या बीजांची संख्या कमी असते आणि अंगही भरलेले नसते.

नर दाखवण्याच्या आधीचे १० ते १४ दिवस खुराक वाढवून तीन ते साडेतीन किलोवर न्यावा. या वाढीव खुराकामुळे बीजांडकोशातून अधिक बीजे सुटतात आणि पिल्लांची संख्या वाढण्याची शक्यता निर्माण होते. मादीचे माजचक्र सुमारे २१ दिवसांचे असल्याने हा हिशोब सोपा आहे : दुसरा माज महिन्याच्या एक तारखेला दिसला असेल, तर तिसरा बावीस तारखेच्या सुमारास येईल, म्हणून दहा तारखेपासून वाढीव खुराक सुरू करावा. माजाच्या तारखा लिहिलेल्या नसतील तर हा उपाय करताच येत नाही. अंदाजाने महिनाभर वाढीव खाद्य घालत राहणे म्हणजे मादी लठ्ठ करणे होय.

मादीला भरवल्याच्या, म्हणजे नर लावल्याच्या, दिवसापासून हा वाढीव खुराक थांबवून ती पुन्हा दोन किलोवर आणावी. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फार जास्त खाद्य मिळाले की यकृतातून होणारा रक्तप्रवाह वाढतो आणि गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तातून वेगाने कमी होते; पहिल्या काही दिवसांत त्याची पातळी खालावली, तर काही गर्भ रुजण्यापूर्वीच मरतात. हा धोका मुख्यतः पहिलारू माद्यांना असतो. दूध पाजून खंगलेली जुनी मादी मात्र याला अपवाद समजावी. तिला भरवल्यानंतरही सव्वादोन ते अडीच किलो देऊन अंग भरून येऊ द्यावे.

गाभणकाळाचे ११४ दिवस

वराह मादीचा गाभणकाळ सरासरी ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांचा असतो; दोन-तीन दिवस मागेपुढे होतात. भरवल्याच्या तारखेबरोबरच मादीच्या तक्त्यावर एकविसावा, पंचाऐंशीवा, एकशे दहावा आणि एकशे चौदावा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते त्याच वेळी लिहून टाकावे. एकविसाव्या दिवसाच्या आसपास मादी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, नाही ना हे पाहायचे असते. उलटलेली मादी गाभण समजून तीन महिने पोसण्याइतका तोट्याचा दुसरा व्यवहार वराहपालनात नाही.

पहिल्या महिन्यात दररोज सुमारे दोन किलो खाद्य द्यावे. या काळात खाद्य अचानक बदलू नये, माद्यांच्या जागा बदलू नयेत आणि अनोळखी माद्या एकत्र सोडू नयेत, कारण गर्भ गर्भाशयाला चिकटून रुजण्याचा हाच काळ असतो आणि मारामारीत गेलेले गर्भ डोळ्यांना दिसतही नाहीत. ते शरीरात विरघळून जातात आणि विताना पिल्ले कमी निघाली एवढेच लक्षात येते.

तिसाव्या दिवसापासून चौऱ्याऐंशीव्या दिवसापर्यंतचा काळ हा मादीची शरीरस्थिती सुधारण्याचा काळ आहे आणि खुराकातील फरक याच टप्प्यात करायचा असतो. श्रेणी तीनची मादी दोन किलोवर ठेवावी. अडीच किंवा त्याहून खाली असलेल्या मादीला सव्वादोन ते अडीच किलो द्यावे, आणि चारकडे झुकलेल्या मादीचे खाद्य १८०० ग्रॅमपर्यंत उतरवावे; त्याहून कमी करू नये. सर्व माद्यांना एकच माप देणारा फार्म बाहेरून शिस्तीचा वाटतो, पण तेथे रोडक्या माद्या रोड राहतात आणि जाड्या अधिक जाड होतात. त्यातही पंचाहत्तर ते नव्वद या दिवसांत कासेतील दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची वाढ होत असते. या दिवसांत मादीच्या अंगावर चरबी चढली, तर ती कासेतही साठते आणि कास मोठी दिसूनही दूध कमी निघते.

पंचाऐंशीव्या दिवसानंतर चित्र पालटते. जन्माच्या वेळच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन पिल्लांना या शेवटच्या महिन्यात मिळते, म्हणून खुराक अर्धा ते पाऊण किलोने वाढवून अडीच ते तीन किलोवर न्यावा. एक किलोहून कमी वजनाचे जन्मलेले पिल्लू थंडीने व धक्काबुक्कीने लवकर मरते. लठ्ठ मादीलाही या टप्प्यात वाढ द्यावी, पण पाव-अर्ध्या किलोपुरतीच.

लठ्ठपणाविषयी इतके सांगण्याचे कारण असे, की लठ्ठ मादीचे नुकसान विताना आणि त्यानंतर एकदमच समोर येते. तिची प्रसूती लांबते, लांबलेल्या प्रसूतीत शेवटची पिल्ले गुदमरून मेलेली निघतात, ती जड असल्याने बसताना पिल्ले अंगाखाली दाबते. आणि सर्वांत वाईट म्हणजे गाभणकाळात भरपूर खाल्लेली मादी व्यायल्यावर, ज्या वेळी तिने खायला हवे असते त्या वेळी, खात नाही.

खाद्य कशाचे बनवावे

गाभण मादीच्या खाद्यात सुमारे १४ टक्के आणि दूध पाजणाऱ्या मादीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत. दोघींना एकच खाद्य देण्याची सोय मोहात पाडणारी असली, तरी त्यात एकतर गाभण माद्यांवर पेंडीचा पैसा वाया जातो किंवा दुधाच्या माद्या उपाशी राहतात.

गाभण माद्यांसाठी १०० किलो खाद्य करताना मक्याचा भरडा ५४ किलो, गव्हाचा कोंडा साडेबत्तीस किलो, सोयाबीन पेंड १० किलो, खनिज मिश्रण २ किलो, खाद्यासाठीची चुनखडी पूड १ किलो आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. दूध पाजणाऱ्या माद्यांसाठी मका ६२ किलो, गव्हाचा कोंडा १२ किलो आणि सोयाबीन पेंड साडेबावीस किलो घेऊन खनिज मिश्रण, चुनखडी व मीठ तेवढेच ठेवावे. यात प्रथिने १७ टक्क्यांच्या आसपास येतात. मका महाग झाला तर त्यातील काही भाग ज्वारीने किंवा तांदळाच्या कणीने भरून काढता येतो. भाताचा कोंडा वापरायचा असेल तर तो ताजा असावा, कारण त्यातील तेल साठवणीत लवकर खवट होते. तेल काढलेला कोंडा टिकतो, पण त्यात ऊर्जा कमी असते हे लक्षात घ्यावे. सोयाबीन स्वस्त मिळाले म्हणून कच्चेच दळून घालू नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. सरकीची पेंड पैदाशीच्या माद्यांना देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल डुकरांना विषारी ठरते.

खनिज मिश्रणावर बचत करणारे पुष्कळ आहेत. गाय-म्हशींसाठी आणलेले मिश्रण डुकरांच्या गरजेला तंतोतंत जुळत नाही, म्हणून वराहांसाठी बनवलेले, जीवनसत्त्वे मिसळलेले मिश्रण घ्यावे. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचे हाड ठिसूळ होते आणि दुधाच्या ऐन भरात ती मागच्या पायांवर बसते, उठू शकत नाही. आयोडीनच्या अभावी पिल्ले केसांविना व अशक्त जन्मतात, आणि जीवनसत्त्व अ कमी पडले की माज अनियमित होतो.

हिरवा चारा डुकराला पोसत नाही, पण गाभण मादीला त्याचा मोठा उपयोग होतो. दोन किलो खाद्याने शरीराची गरज भागते, भूक मात्र भागत नाही. अशी मादी दिवसभर लोखंडी गज चावत राहते, रिकामे तोंड चघळते आणि शेजारणीशी भांडते. दररोज एक ते दोन किलो लसूणघास, बरसीम किंवा कोवळी मक्याची पाने दिली, तर पोट भरल्याची जाणीव होते, शौच साफ होते आणि जीवनसत्त्वेही मिळतात. दुधाच्या मादीला मात्र हिरवा चारा नावापुरताच द्यावा, कारण तिच्या पोटातील जागा दाणेदार खाद्यासाठी राखून ठेवायची असते.

एकत्र ठेवलेल्या माद्या

एका कक्षात पाच-सहा गाभण माद्या ठेवल्या असतील, तर खाद्य किती घातले यापेक्षा कोणी किती खाल्ले हे महत्त्वाचे ठरते. दांडगी मादी स्वतःचे संपवून दुसरीचे खाते आणि पहिलारू मादी कोपऱ्यात उभी राहते. शक्य असल्यास खाण्यापुरते अडकवून ठेवता येईल असे स्वतंत्र कप्पे करावेत. ते नसतील तर गव्हाण लांब असावी, प्रत्येक मादीमागे किमान ४५ सेंटिमीटर जागा असावी, खाद्य एका टोकाला न ओतता संपूर्ण लांबीवर एकाच वेळी पसरावे आणि पहिलारू माद्यांचा गट वेगळा ठेवावा. खाद्य घालणाऱ्याने डबा रिकामा करून निघून न जाता, माद्यांचे खाणे संपेपर्यंत तेथे उभे राहावे. आजारी पडणारी मादी बहुतेक वेळा सर्वांत आधी गव्हाणीवरच ओळखू येते.

विण्याच्या सुमारास

एकशे दहाव्या दिवशी, म्हणजे अपेक्षित तारखेच्या चार-पाच दिवस आधी, मादीला धुऊन प्रसूतिकक्षात आणावे. जंतनाशक द्यायचे असल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने याच्या आठवडाभर आधी देऊन झालेले असावे. जागा बदलल्याने तिचे हिंडणे थांबते आणि बद्धकोष्ठ होण्याची शक्यता वाढते. आतड्यात साठून राहिलेल्या विष्ठेमुळे जननमार्ग दबतो, ताप येतो, कास दगडासारखी होते आणि पिल्ले जन्मली तरी दूध सुटत नाही. म्हणून शेवटच्या तीन दिवसांत खाद्य दीड ते दोन किलोवर आणून त्यातील एक तृतीयांश भाग गव्हाच्या कोंड्याचा ठेवावा, आणि ते पाण्यात भिजवून द्यावे.

विण्याच्या दिवशी मादीला पूर्ण उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती मला पटत नाही. प्रसूती हे कित्येक तासांचे कष्टाचे काम असते, आणि शेवटचे खाणे होऊन बराच वेळ गेलेली मादी मध्येच थकते, कळा मंदावतात व पिल्ले अडकतात. त्या दिवशी अर्धा ते एक किलो कोंड्याची पातळ आंबोण, कोमट पाण्यात कालवून, दोन-तीन वेळा थोडी थोडी ठेवावी. तिने तोंड लावले नाही तर आग्रह करू नये, पण पाणी मात्र समोर सतत असावे. वार पूर्ण पडल्यावर ती लगेच उचलून पुरून टाकावी.

प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशीही मादीने खाद्याकडे पाहिले नाही, कास गरम व कडक लागली, पिल्ले सडांशी ओरडत राहिली किंवा अंगाचे तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेले, तर खुराकाचे उपाय करत न बसता त्याच वेळी पशुवैद्यकाला बोलवावे. दुधाविना नवजात पिल्लाला एक दिवसही काढता येत नाही.

दुधाच्या काळात

व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन किलोपासून सुरुवात करावी आणि दररोज अर्ध्या किलोची वाढ देत आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत पूर्ण खुराकावर यावे. पहिल्याच दिवशी गव्हाण भरली, तर मादी एकदा भरपूर खाते आणि मग दोन-तीन दिवस तोंड फिरवते. ते दिवस नंतर भरून निघत नाहीत.

पूर्ण खुराक किती, याचा हिशोब असा : मादीच्या स्वतःसाठी दोन किलो आणि अंगावरील प्रत्येक पिल्लामागे ४०० ते ५०० ग्रॅम. नऊ पिल्ले असतील तर साडेपाच ते साडेसहा किलो, पाच पिल्ले असतील तर चार ते साडेचार किलो. हा आकडा ऐकून नव्या पशुपालकाला तो जास्त वाटतो. परंतु पिल्लांच्या अंगावर एक किलो वजन चढण्यासाठी मादीला सुमारे चार किलो दूध द्यावे लागते, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दूध शिखरावर असते. हे दूध कोठून तरी यायलाच हवे. खाद्य कमी पडले तर मादी सुरुवातीला दूध कमी करत नाही, स्वतःचे अंग झिजवते, आणि म्हणूनच ही उपासमार मालकाला पिल्लांकडे पाहून कळत नाही. ती कळते दूध तोडल्यावर, मादी माजावर येत नाही तेव्हा. पहिल्या वेताच्या मादीला याचा सर्वाधिक फटका बसतो. तिचे स्वतःचे अंग अजून वाढत असते, पोटाची क्षमता लहान असते, आणि दुसऱ्या वेतात पिल्ले घटली की दोष नराला दिला जातो. दूध पाजण्याच्या काळात मादीचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटू देऊ नये.

एवढे खाद्य दोन वेळांत पोटात जात नाही, ते तीन वेळांत विभागावे. खाद्य पाण्यात भिजवून दिले तर मादी अधिक खाते, मात्र दर वेळी गव्हाण धुऊन उरलेले आंबट खाद्य काढून टाकावे. तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की दुधाच्या मादीची भूक मंदावू लागते, आणि विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा याच्या कितीतरी पुढचा असतो. एप्रिल-मेमध्ये पहिला खुराक पहाटे पाचच्या सुमारास, दुसरा सूर्य मावळल्यावर आणि तिसरा रात्री दहाच्या पुढे द्यावा. दुपारची वेळ टाळावी. मादीच्या मानेवर व खांद्यावर पाणी ठिबकेल अशी सोय करावी, मात्र पिल्लांची जागा कोरडी राहील याची काळजी घ्यावी. खाद्यात दोन ते तीन टक्के खाद्यतेल मिसळले तर थोड्या खाद्यातूनही अधिक ऊर्जा मिळते आणि पचनातून निर्माण होणारी उष्णता कमी राहते.

पाण्याचा विषय सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत आधी चुकतो. गाभण मादीला दिवसाला १० ते २० लिटर, तर दुधाच्या मादीला २५ ते ४० लिटर पाणी लागते. पाणी पिण्याच्या नळाच्या निप्पलमधून पाणी येते एवढे पाहून समाधान मानू नये. एक लिटरची बाटली निप्पलखाली धरावी. ती अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे. दोन मिनिटे लागत असतील, तर मादी कंटाळून बाजूला होते, पाणी कमी पिते, म्हणून खाद्य कमी खाते आणि म्हणून दूध कमी देते. उन्हात तापलेल्या टाकीचे पाणीही ती टाळते, यासाठी टाकीवर सावली असावी आणि नळी जमिनीखालून आणलेली असावी.

दूध तोडल्यानंतर

आपल्याकडे पिल्ले साधारणतः सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर तोडतात. व्यवस्था चांगली असेल तर चार आठवड्यांनीही तोडता येतात. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचे वेगळे खाद्य चाखायला ठेवले असेल, तर तोडताना दोघांनाही त्रास कमी होतो. तोडण्याच्या दिवशी मादीचा खुराक निम्म्यावर आणावा, म्हणजे कासेवरील ताण कमी होतो. त्यापुढे मात्र तिला उपाशी ठेवू नये. कास दूध न काढल्यामुळे आपोआप दोन-तीन दिवसांत उतरते. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माजावर येईपर्यंत दररोज तीन किलो खाद्य, आणि तेही दुधाच्या माद्यांचे, द्यावे. चांगल्या अंगाची मादी चौथ्या ते सातव्या दिवसात माजावर येते. दहा दिवस उलटूनही माज दिसला नाही, तर आधी तिच्या कंबरेवर हात ठेवून श्रेणी पाहावी. ती दोनच्या खाली असेल, तर एक माज सोडून, तीन आठवडे अंग भरू देऊन मगच भरवणे शहाणपणाचे ठरते.

उष्टे, बुरशी आणि साठवण

हॉटेलातील उरलेल्या अन्नावर चालणारे फार्म पुणे-मुंबईच्या परिसरात आणि गोव्यातही आहेत, आणि खर्चाच्या दृष्टीने त्यांचे गणित समजण्यासारखे आहे. परंतु पैदाशीच्या माद्या केवळ उष्ट्यावर ठेवू नयेत. त्यात तीन चतुर्थांश पाणी असते. दोन किलो कोरड्या खाद्याची बरोबरी करण्यास सात-आठ किलो उष्टे लागते आणि त्यातील प्रथिने व मीठ रोज बदलत असते. खारट उष्टे मिळाले आणि त्याच दिवशी पाणी कमी पडले, तर मिठाची विषबाधा होऊन मादी झटके येऊन मरते. त्याहून मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा आहे. हा रोग भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. त्यावर उपचार नाही आणि डुकराच्या मांसाचे उष्टे हा त्याच्या प्रसाराचा ओळखीचा मार्ग आहे. उष्टे वापरायचेच असेल तर ते सतत ढवळत किमान एक तास उकळावे, कच्च्या उष्ट्याची भांडी फार्मच्या फाटकाबाहेर ठेवावीत, आणि ज्यात डुकराचे मांस आहे असे उष्टे मुळीच आणू नये. गोव्यात बिअर कारखान्यातील ओला चोथा मिळतो. गाभण माद्यांच्या खाद्यात तो काही प्रमाणात चालतो, पण दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून तेवढाच आणावा.

बुरशी हा पावसाळ्यातील विषय आहे. ओलसर मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशींच्या विषामुळे मादीचे योनिद्वार सुजते, ती माजावर आल्यासारखी दिसते पण गाभ धरत नाही, आणि गाभण मादी गाभडूही शकते. शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो. पेंड खडे बांधून आली असेल, तिला कुबट वास येत असेल, तर भाव कितीही उतरलेला असो, ती घेऊ नये. बुरशी आलेले खाद्य वाळवून किंवा चांगल्या खाद्यात मिसळून वापरले तरी विष जात नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत आणि पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांहून अधिकचा साठा करू नये.

खरेदीचे नियोजन करताना एका मादीचा हिशोब असा धरावा. गाभणकाळात सुमारे २६५ किलो, सहा आठवड्यांच्या दुधाच्या काळात सुमारे २३० किलो आणि दूध तोडल्यापासून पुन्हा भरवेपर्यंत २५ ते ३० किलो, म्हणजे एका फेरीला सव्वापाचशे किलोच्या आसपास. ही फेरी सुमारे १६५ दिवसांची असल्याने वर्षाला सव्वादोनच्या जवळपास वेते होतात आणि मादीमागे साडेअकराशे किलो खाद्य लागते. दहा माद्यांच्या फार्मला वर्षाचे साडेअकरा टन. त्यातील जवळजवळ निम्मे दुधाच्या माद्यांचे, म्हणजे महागडे खाद्य असते, आणि पैशाची तरतूद त्या हिशोबाने करावी.